बादलीभर जीव

मिनियापोलिस
१४ ऑक्टोबर २०१८

प्रिय आचा नोर्झिन,

ताशी देलेक. धाकट्या बहिणीचा नमस्कार घे. मी बरी आहे. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण फोनवर तुला काहीही विचारलं तरी तू "हो हो, जेवले" एवढंच म्हणतेस. परवा विचारलं, पाय अजून सुजतात का? तर तू म्हणालीस, बटाटे स्वस्त झालेत. म्हणून हे पत्र. कागदावरचं वाचायला कान लागत नाहीत. चष्मा लावून सावकाश वाच, आणि शेजारच्या पासांगला वाचून दाखवू नकोस.

काम तेच, वृद्धाश्रमातलं. म्हाताऱ्यांना उठवते, आंघोळ घालते, भरवते. एक आजी मला रोज विचारतात, "पोरी, तुझं गाव कुठलं?" मी रोज वेगळं सांगते. कधी पोखरा, कधी डोंगरापलीकडचं आपल्या आमाचं माहेर, जे आपण दोघींनी पाहिलंसुद्धा नाही, कधी मिनियापोलिस. त्यांना तिन्ही खरी वाटतात. मलाही.

इथली झाडं आता पिवळी-तांबडी झालीत. लोक सुट्टीच्या दिवशी गाड्या काढून ती बघायला जातात. मी गेले नाही. मला आपलं हेम्जा आठवत राहतं, आपला गालिच्यांचा कारखाना. एका मागावर आपण दोघी, तू डावीकडे, मी उजवीकडे. तुझा हात असा चालायचा की तुझी बाजू भराभर वर चढायची आणि माझी खालीच राहायची. मुकादम ओरडायचा, "हा गालिचा आहे की टेकडी?" मग तू गुपचूप माझ्या बाजूच्या गाठी मारून द्यायचीस आणि वर ऐकवायचीस, "नवऱ्याचा स्वेटरसुद्धा अर्धाच विणशील तू." नवरा केलाच नाही, ते एक बरं झालं.

आणि सागा दावाचा महिना. त्या महिन्यात केलेलं पुण्य कितीतरी पटींनी वाढतं म्हणून आमा आपल्याला उजाडायच्या आत उठवून फेवा तळ्यावर न्यायची. कोळी जिवंत मासे घेऊन बसलेले असायचे. त्यांना आपले सगळे सण पाठ होते, भाव आधीच चढवून ठेवायचे. आमा घासाघीस करायची, "अरे, मी काय खाणार आहे? सोडणार आहे. जरा कमी कर." तो म्हणायचा, "सोडायचेच आहेत तर मोठे घ्या ना, आमा." मग आपण मंत्र म्हणत मासे पाण्यात सोडायचो, आणि पलीकडच्या काठाला त्याचाच भाऊ जाळं टाकून उभा. तू काठी घेऊन त्याच्या अंगावर धावून गेलीस ते आठवतं? आमा हसून हसून खाली बसली होती. म्हणाली, "नोर्झिन, आपलं पुण्य आपण केलं. आता त्याचं पाप त्याला सुखानं करू दे."

एवढं पाल्हाळ लावलं ते उगाच नाही. इथं मी तेच केलं आणि गुन्हेगार झाले.

घाबरू नकोस, पुढे वाच. मागच्या वर्षीच्या सागा दावात मी आणि छिमे मासे शोधायला निघालो. छिमे माझ्याबरोबर कामाला आहे, दार्जिलिंगची, तिच्याकडे गाडी आहे. बाजारातला मोठा मासा महाग, आणि पैसे मोजून जीव एकच. छिमे म्हणाली, "गळाला लावायचे बारके मासे विकतात ना, त्या दुकानात जाऊ. एक डावभर घेतले की ढिगानं जीव येतात." मला पटलं. दुकानात जळवाही होत्या, पावसाळ्यात आपल्या पोटऱ्यांना चिकटायच्या तशाच. म्हटलं, जीव तो जीव, त्याही द्या. दुकानदारानं विचारलं, "काय पकडायला निघालात?" छिमे म्हणाली, "काहीच नाही." तो म्हणाला, "माझंही दर रविवारी तेच होतं."

तळ्यावर गेलो. मी बादली पाण्याला टेकवून मंत्र म्हणत हळूहळू ओतत होते, तेवढ्यात मागून कुणी तरी खाकरलं. गणवेशातला माणूस. तळ्यांवर आणि माशांवर नजर ठेवायचं त्याचं काम, आणि इथं त्याला पोलिसाइतका अधिकार.

"बाई, काय ओतताय?"

"मासे."

"का?"

"जगू देत म्हणून."

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. उरलेले मासे आळसानं तळ्यात ओतणारे त्यानं पुष्कळ पाहिले असतील, हात जोडून ओतणारी मी पहिली. म्हणाला, "दुकानातले मासे तळ्यात सोडायचे नसतात. त्यांच्याबरोबर रोग येतो, मग तळ्यातले मासे मरतात. पाटी आहे ना तिथं." पाटी होती. आम्ही गाडी तिच्यासमोरच लावली होती. "मला बरं वाटत नाही, पण लिहावं लागेल," म्हणाला, आणि चिठ्ठी फाडून दिली.

छिमे म्हणाली, "दंड भर आणि विसरून जा. गाडी नको तिथं लावली की देतात, तसलीच ही." मी कोर्टाच्या खिडकीवर जाऊन दंड भरला. खिडकीतली बाई "दिवस छान जावो" म्हणाली. दंड भरला म्हणजे आपण होऊन गुन्हा कबूल केला आणि तो नावावर कायमचा चढला, हे मला कुणी सांगितलं नाही. शहाणपणा करून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण इथं आश्रय मिळाला तरी तो पाय टेकण्यापुरता. कायमचं राहायला ग्रीन कार्ड लागतं, आणि माझा अर्ज त्याच वर्षी जायचा होता. हॅल्वर्सन म्हणून वकीलबाई आहेत, त्या भरून घेत होत्या. त्यांनी विचारलं, "कधी पकडलंय? चिठ्ठी? खटला?" मी म्हटलं, "माशांची एक आहे." त्यांना वाटलं मी मासे चोरले. सगळं सांगितलं तेव्हा कपाळाला हात लावून बसल्या. मग म्हणाल्या, "यांगझोम, हे लपवायचं नाही. माशांपायी तुम्हाला कुणी हाकलणार नाही, खोटं बोललात तर हाकलतील. पण आता अर्ज रखडणार, मुलाखतीला बोलावणार, आणि कार्ड द्यायचं की नाही ते समोरच्या अधिकाऱ्याला काय वाटतं त्यावर. निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका."

म्हणून मी नव्या वर्षाला, लोसारला आले नाही. तिकिटं महाग आहेत म्हणून तुला सांगितलं, ती थाप होती. कार्ड नाकारलं तर तुझी-माझी भेट कधी, कुणास ठाऊक.

मुलाखत जानेवारीत आहे. तू जिवाला लावून घेऊ नकोस. मासे मी आमाच्या नावानं सोडले होते, तेव्हा आता तीच काय ते निस्तरेल.

पाय उंचावर ठेवून बसत जा. चहात मीठ कमी घाल. हे आपलं सहज सांगितलं.

तुझी,
यांगझोम


मिनियापोलिस
३ मार्च २०१९

प्रिय आचा,

ताशी देलेक. लोसारच्या शुभेच्छा महिनाभर उशिरा पाठवते आहे, पदरात घे.

तुझं पत्र मिळालं. दोन पानं नुसत्या शिव्या. "मासे सोडायला अमेरिकेत जायला हवं होतं का? फेवातले संपले होते?" हे मी छिमेला वाचून दाखवलं, ती हसून लोळली. "जळवा सोडल्यास, आता पुढच्या जन्मी जळूच होशील" हे मात्र वाचून दाखवलं नाही.

इथं सभागृहात आपल्याकडचे सगळे जमलो होतो. गुथुकचं सूप केलं होतं. माझ्या वाटीतल्या पिठाच्या गोळ्यात कोळसा निघाला. सगळे टाळ्या पिटून ओरडले, "यांगझोमचं मन काळं!" मीही हसले. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला, मग पुन्हा पडला. वृद्धाश्रमातल्या त्या आजी वारल्या. शेवटपर्यंत गाव विचारत होत्या. आमच्या स्वयंपाकघराचा नळ गळत होता, तो दुरुस्त करून घेतला.

कार्ड आलं, आचा.

आलं त्यालाही आता बरेच दिवस झाले. एवढी आनंदाची बातमी आणि तुला कळवली नाही, याचं कारण लिहायला बसले की मी नळाचंच लिहीत बसते. आता लिहिते.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "माझी तब्येत ठणठणीत आहे." आपण दोघींनी एकमेकींना ताकास तूर लागू द्यायची नाही असं किती दिवस चालवायचं? पासांगनं मला केव्हाच सांगितलंय. पोखऱ्याच्या डॉक्टरांनी तुझ्या किडनीचं सांगितलं, त्याच आठवड्यात. तू तिला शपथ घातली होतीस, मला माहीत आहे. तिला बोलू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला का ठाऊक नव्हतं?

तो आठवडा सागा दावाचा होता. मासे मी आमाच्या नावानं सोडले नव्हते. तुझ्यासाठी सोडले. या बादलीतल्या जिवांना वाचवल्याचं पुण्य माझ्या आचाला लागो, तिचं आयुष्य वाढो, असं म्हणत ओतले. जळवा घेतल्या त्याही त्या चिवट असतात म्हणून.

मुलाखतीच्या आधी हॅल्वर्सनबाईंनी मला समोर बसवून तयारी करून घेतली. "ते विचारतील, केलंत त्याचा पस्तावा आहे का? हो म्हणायचं."

मी म्हटलं, "हो, पण..."

"पण नाही, परंतु नाही. नुसतं हो. ज्याला पस्तावा नाही तो पुन्हा करणार, असं ते धरून चालतात."

त्यांना मी काय सांगणार? चांगल्या कामाचा पस्तावा केला की त्याचं पुण्य जळून जातं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. देऊन हळहळलास तर दिलंच नाहीस. त्यांच्या कायद्यात पस्ताव्यानं गुन्हा धुतला जातो, आपल्यात पुण्य धुतलं जातं. आणि ते पुण्य माझं असतं तर गेलं उडत. ते तुझं होतं.

मी पुष्कळ डोकं लढवलं. तो तळ्यावरचा माणूस खोटं बोलला नव्हता. माझ्या माशांपायी आतले मासे मेले असतील, तर त्याचं मला वाईट वाटतंच. तेव्हा ठरवलं, हो म्हणताना मनात तळं धरायचं. पस्तावा तळ्याचा, तुझ्या पुण्याला धक्का नाही. वकीलबाईंनाही सुचली नसती अशी पळवाट काढली म्हणून मी स्वतःवर खूश होते.

अधिकारी तरुण होता, त्याला सर्दी झाली होती. माझा जन्म, आमा-पांचं डोंगर ओलांडून पळून येणं, काम, सगळं विचारून झालं. मग माशांचा कागद काढला. म्हणाला, "मीही गळ टाकतो." जरा हसला. मग हसणं थांबवून विचारलं, "जे केलंत त्याचा पस्तावा आहे?"

मी तळं आठवायला गेले, आणि आचा, मला तू दिसलीस. तरणी नाही, आताची. सुजलेल्या पायांनी उंबऱ्यात बसलेली, आत काय चाललंय ते ऐकू न येणारी. वाटलं, ती बादली मी उचललीच नसती तर गेल्या वर्षीच हिच्याजवळ जाऊन बसले असते. हिला बघायचंय, बाकी काही नको. आणि मी म्हटलं, "हो. फार पस्तावा आहे." वरवर नाही म्हटलं. अगदी आतून म्हटलं, रडले. त्यानं कागदी रुमालांचा खोका पुढे केला. त्याला पटलं, कारण ते खरं होतं.

कार्ड आलं तेव्हा छिमेनं सगळ्यांना मोमो खाऊ घातले. मी पुन्हा रडले. तिला वाटलं, आनंदानं.

इथल्या मठातल्या गेशेंना मी यातलं काही विचारलेलं नाही. ते माझी समजूत घालतील, आणि मला समजूत नको आहे. मी तुला दिलेलं आयुष्य परत घेतलं. कशासाठी, तर तुझं तोंड बघायला मिळावं म्हणून. तू खूप जगावीस यापेक्षा तू मला दिसावीस, हे मला जास्त हवं होतं. थोरल्या बहिणीला असं लिहू नये, पण माझं मन असंच निघालं, त्याला मी काय करू?

प्रवासाच्या पुस्तिकेसाठी अर्ज केला आहे. पासपोर्ट आपल्याला कुठला, त्याच्या जागी ती चालते. ती यायला काही महिने जातील. हातात पडली की निघते. तोवर डॉक्टर सांगतील ते ऐक. मशीनवर झोपायला सांगितलं तर झोप, लाजू नकोस, पैसे मी पाठवते. शिव्या पत्रातून देऊ नकोस. साठवून ठेव आणि मला समोर बसवून दे.

मी धाकटी, तुला आजवर कधी हुकूम सोडला नाही. आता सोडते. माझं पुण्य तुझ्या पाठीशी राहिलेलं नाही, आचा. तुला आता स्वतःच्याच बळावर थांबावं लागेल. पण थांब.

तुझ्याकडे निघालेली,
यांगझोम