ठकूबाईंच्या रताळ्याचं बेणं

१० नोव्हेंबर

ठकूबाई गेल्या! परवाच. आज शाळेत शिपायाकडून कळलं. "दिवाळी झाली की ये गो, येल देते," म्हणाल्या होत्या पोलादपूरच्या बाजारात. मी पेपर तपासत बसले.

दोन वर्षं शोधतेय – लाल सालीचं, आत जांभळं रताळं. करांद्याचे कंद मिळाले, भारंगी मुळासकट मिळाली, तोंडलीच्या काड्या सव गावाहून आल्या. याचंच बेणं कुठे नाही. रोपवाटिकेतला हसला – "मॅडम, बाजारातलं लावा ना." ठकूबाईंकडे मात्र न्हाणीच्या सांडपाण्यावर बारा महिने हिरवा वेल.

माणूस गेलं आणि मला वेल आठवतोय. लाज वाटते. तरी जाणार.

१४ नोव्हेंबर

ठकूबाईंच्या वाडीवर जाऊन आले. दारात त्यांची सून नीला. तिचा नवरा राजेश मुंबईहून आलाय. तेराव्याच्या मांडवासाठी परस सपाट करायचंय, मंगळवारी जेसीबी. म्हणजे वेल गेलाच!

"सुतक हाय, बाई. घरातनं कायपन देता येत नाय."

"मी तोडून घेतला तर?"

"तोडायचा पन नाय."

मग ती उठली, शेळीचं दावं सोडलं आणि पाठ करून भांडी घासायला बसली. शेळी थेट वेलात! ओढत ओढत वाटेवर आली. आणि मी, पंचेचाळीस वर्षांची शिक्षिका, शेळीच्या तोंडातून वेल खेचतेय – "सोड! सोड म्हणते ना!"

नीला पाठमोरीच – "दमात काय घेताय तिला? ती काय तुमच्या वर्गातली हाय?"

नऊ तुकडे मिळाले. निघताना म्हणाली, "दोन दिस वल्या गोनपाटात ठेवा, सावलीत. मुळं फुटू दे. लगी लावू नका."

१५ नोव्हेंबर

धीर धरवला नाही. काल आल्या आल्या वाफ्यात लावले.

१६ नोव्हेंबर

ऊन कडक. सात तुकड्यांनी माना टाकल्या. मुलं ऐकत नाहीत म्हणून वर्गात ओरडते मी!

उरलेल्या दोघांवर केळीच्या पानाची सावली केली.

१८ नोव्हेंबर

नीलाचा फोन. "झालं सपाट, बाई." एवढंच बोलली.

आता हे दोनच.

२२ नोव्हेंबर

एक गेला.

३ डिसेंबर

नवं पान! जांभळट, करंगळीच्या नखाएवढं. बघत बसले, शाळेची घंटा चुकली.

२८ डिसेंबर

वेलाचे दोन फुटवे तोडले. या वेळी गोणपाट, सावली, दोन दिवस – सगळं मुकाट्याने करणार. मग वेगवेगळ्या जागी लावायचे. आमच्या तुडीलला पूर येतो, डुकरं येतात. एकाच वाफ्यावर भरवसा ठेवायचा नाही.

११ जानेवारी

राजेश आला होता. वीर स्टेशनला मुंबईची गाडी पकडायची, वाटेत रिक्षा इकडे वळवली. फाटकाबाहेरच उभा. मला वाटलं, शेळीचं कळलं – भांडणार!

"बाई, आयचा येल तुमच्याकडं हाय म्हनं."

"आहे. देते तोडून."

"नको. घरामागं कोबा घातला मी. माती ठेवलीच नाय." मान खाली. "एक हितंच लावू का? माज्या हातानं?"

बांधाकडची जागा दाखवली. चप्पल काढून आत आला.