कोपऱ्यातली रिकामी पट्टी

शुक्र. ९ जाने.

सगळे चाकू बेंगळुरूबाहेर आनेकलला नेऊन टाकले. शिवानंदच्या शेडमध्ये, लोखंडी ट्रंकेत, कुलूप लावून. किल्ली त्याच्याकडेच ठेवली. मी मागितली तरी देऊ नकोस म्हटलं. शिवानंद मूळचा निपाणीचा, माझ्या जुन्या टीममधला. नोकरीला लाथ मारून आता तिथे ग्रिलं नि गेटं बनवतो. का, कशाला, काही विचारलं नाही. "जेवून जा की रे, रिकाम्या पोटी कुठं पळतोस?" एवढंच. पळालो.

सईने जीव द्यायचा प्रयत्न केला. लिहिलं एकदाचं. महिनाभर ह्या वहीत "ते झालं तेव्हा" असं लिहितोय. भित्रा कुठला. वीस वर्षांची पोरगी, कॉलेज सोडून घरी बसलीय, आणि बाप वहीत शब्द चुकवत बसलाय.

सईच्या डॉ. म्हणाल्या होत्या, घरात धारदार काही ठेवू नका. त्यांना काय कल्पना ह्या घराच्या हॉलमध्ये काय काय आहे त्याची.

शनि. १०

हॉल भकास दिसतो. सहा शोकेस, सहाही रिकाम्या. आल्यागेल्या प्रत्येकाला मी हेच ऐकवत आलो: "चाकू नका बघू हो, शोकेस बघा." जुन्या कटलरीच्या दुकानांत काउंटरवर असायच्या तसल्या. सागवानाची चौकट, उतरती काच, आत मखमल लावलेली फळी, फळीवर इलॅस्टिकच्या पट्ट्या, एकेका पट्टीत एकेक खिशातला चाकू. भंगारात जाणारी पेटी आणायची, काच काढायची, चपड्याचं पॉलिश द्यायचं, बिजागरी घासायची. चाकू पेटीबरोबर येतात म्हणून येतात. नवीन फोटोफ्रेमबरोबर कुठल्यातरी अनोळखी बाईचा फोटो येतो तसे.

दुपारी फडकं मारताना एक गोष्ट आठवली. शि. नगरच्या दुकानातून आणलेल्या मोठ्या शोकेसमधले चाकू काढताना शेवटच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यातली पट्टी रिकामीच होती. घाईत होतो. हात पुढे गेला, काही लागलं नाही, पिशवी बांधली.

ती पट्टी आधीपासून रिकामी होती का?

आठवत नाही. खरंच आठवत नाही.

रवि. ११

मेधाला सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, पण ज्या पद्धतीने सांगितलं ती पद्धत चुकली. ती कांदे निवडत होती (चिरलेल्या भाज्यांची पाकिटं येतात हल्ली, कांदे नुसते निवडायचे). मी म्हटलं, "एक चाकू कदाचित कमी आहे. कदाचित नसेलही."

"कदाचित म्हणजे? किती होते?"

"मोजले नव्हते कधी."

"एवढी वर्षं घरात आहेत आणि तुला किती ते माहीत नाही?"

"मी चाकू जमवत नाही मेधा, मी शोकेस..."

"हे पाहुण्यांना सांग."

मग नवरा-बायको दोघंही हळू आवाजात भांडलो. सई पलीकडच्या खोलीत. हळू भांडणं फार थकवतं. "तुझ्या ह्या पेट्यांनी घर म्हणजे खाटकाचं दुकान करून ठेवलंस" इथपर्यंत गेली ती. मी म्हटलं, बोथट आहेत सगळे. "सगळे? ज्याला मोजताही येत नाहीत त्याला धार कळते?"

फोटो पाहिले मोबाइलमध्ये. शेकड्याने फोटो. एकात चाकू असेल तर शपथ. पॉलिश वाळलं की मी लगेच फोटो काढतो, चाकू अडकवायच्या आधी. चाकूंनी लाकडावरची नजर हलते म्हणून. शहाणा माणूस.

सोम. १२

सई डॉ.कडे, मेधा सोबत. मी घरी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूटवर. तिच्या खोलीत गेलो. कपाट, गादीखाली, पुस्तकांमागे, बुटांत. स्वतःच्या घरात चोरासारखा. मिळालं काय, तर तिसरीतलं चित्रकलेचं सर्टिफिकेट आणि चार एकेकटे मोजे.

सगळं होतं तसं ठेवलं. मला तेवढं येतं.

घरी आल्यावर सई खोलीच्या दारात थांबली. म्हटलं, कळलं हिला. पण ती दाराची चौकट बघत होती. हॉस्पि.मधून ती यायच्या आदल्या दिवशी मी आतली कडी काढून टाकली होती. स्क्रूची भोकं पुट्टी भरून बुजवली, रंग जुळवला, वर पॉलिश. तिथे कडी होती हे कुणाच्या बापाला कळणार नाही. तिने त्या जागेवर बोट फिरवलं.

"बाबा, निदान भोकं तरी ठेवायचीस."



मंगळ. १३

आज डोक्यात एकच. शि. नगरच्या शोकेसची मखमल.

आणली तेव्हा तिच्यात जुनी हिरवी मखमल होती. वर्षानुवर्षं दुकानात उन्हात राहून विटलेली. पण जिथे चाकू होते तिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे गडद हिरव्या चाकूच्या आकाराच्या सावल्या. चाकू काढला तरी सावली राहायची. त्या बघून मी प्रत्येक चाकू परत आपापल्या जागी लावला असता, लावलाही असेल. म्हणजे कोपऱ्यात सावली असेल तर तिथे चाकू होता, आणि आता नाही. कोपरा सबंध विटलेला असेल तर ती जागा दुकानातच रिकामी होती, आणि मी उगाच वेडा झालोय.

पण मखमल कुठे आहे? दिवाळीत मीच खरवडून काढली. नवी लावली, मरून. किती कौतुक झालं. आता ती फळी गुळगुळीत, एकसारखी, काही म्हणजे काही सांगत नाही.

जुन्या मखमलीची फडकी केली होती पॉलिशला. बाल्कनीतला डबा उपसला. तुकडे काढले, वॉशिंग मशीनवर पसरले, जोडत बसलो. कॉलवर कोणीतरी तीनदा माझं नाव घेतलं. मेधा कपडे टाकायला आली.

"काय करतोयस?"

सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती खाली बसली आणि तीही जोडायला लागली. निम्म्याहून जास्त जुळलं. कोपऱ्याचा तुकडासुद्धा मिळाला. पॉलिश पिऊन काळाकुट्ट. पुठ्ठ्यासारखा कडक. उन्हात धरला, स्पिरिटने पुसला, काही दिसेना.

मेधा म्हणाली, "तू नेहमी सगळं इतकं छान का करतोस रे?" शिवी होती की काय होतं कोण जाणे. रडलो. तीही.

बुध. १४

शि. नगरला जाऊन आलो. ते दुकान मागेच बंद झालं, माहीत होतं, तरी गेलो. तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. आधीच्या मालकाचं विचारलं तर पोरगा म्हणतो, "गोत्तिल्ला सर, टेम्पर्ड ग्लास हाकसबेका?" मोबाइलला काच नको बसवायला रे बाबा. जे माहीत हवं होतं ते तुलाही माहीत नाही, गोत्तिल्ला. येताना रिक्षात मूर्खासारखा हसत होतो.

शिवानंदला फोन केला. ट्रंक उघड, सगळे चाकू मांड, कोपऱ्यातल्या पट्टीच्या मापाचा एखादा वेगळा दिसतो का बघ. त्याने बिचाऱ्याने मांडले. म्हणाला, "समदे एका मापाचे की. आनि भोक एवढं डोळ्यात खुपतंय तर इथला एक नेऊन बसव, मोकळा हो." त्याला पूर्ण सांगितलेलं नाही. दोष माझा. उगाच त्याच्यावर खेकसलो.

गुरु. १५

संक्रांत. मेधाने दुकानाचा तिळगूळ आणला. वरच्या मजल्यावरच्या गीताक्का एळ्ळु-बेल्लचं ताट घेऊन आल्या, तीळ, गूळ, खोबरं, साच्यातली साखरेची चित्रं, आणि सोबत हातभर ऊस. अख्खा. सोफ्यावर बसून म्हणाल्या, "चाकू कोडी स्वल्प, द्या की जरा, तुकडे करून देते."

अक्कांनी भिंतीकडे बघितलं. सहा शोकेस. रिकाम्या.

सई म्हणाली, "आमच्याकडे चाकू नाही अक्का. अख्ख्या बेंगळुरूत आमच्याकडेच नाही."

आणि हसली. किती दिवसांनी. अक्का पण हसल्या, त्यांना वाटलं थट्टा. मग सईने ऊस गुडघ्यावर मोडायला घेतला, मोडेना. मी एक टोक धरलं, तिने एक. ओढाताण, पिळापिळ, शेवटी कडाडकन मोडला आणि मी शोकेसवर आदळलो. काच वाचली. आधी काचेकडे बघितलं मी, लाज वाटते. मेधा स्वयंपाकघरात गेली, नळ बराच वेळ चालू होता.

ऊस दाताने सोलून खाल्ला तिघांनी. गोड होता.

शुक्र. १६

डॉ.कडे मी आणि मेधा, सईशिवाय. मी सगळं सांगितलं. पट्टी, मखमल, फडकी, शि. नगर. ड्रॉइंग काढूनसुद्धा दाखवलं कागदावर. डॉ.नी पूर्ण ऐकलं. मग त्यांच्या हिंदीत विचारलं, "और बेटी ने क्या कहा?"

"तिला विचारलेलं नाही."

म्हणाल्या, विचारा. चाकूचं विचारा आणि दुसरंही विचारा. मरावंसं वाटतं का, सरळ ह्याच शब्दांत. विचारल्याने तिच्या डोक्यात काही भरत नाही, उलट तिला बोलायला जागा होते. मी मान हलवली. ह्याला काय लागतं, बाप आहे मी, असा आव आणून.

घरी आलो. सई टीव्ही बघत होती. विचारलं: "जेवलीस का?"

शनि. १७

नाही विचारलं.

सकाळी बिजागरी घासत बसलो. ती आधीच लख्ख होती.

मेधा म्हणाली मी विचारू का. नको म्हटलं, मी विचारतो. मग दिवसभर तिच्या नजरेला नजर दिली नाही. भीती कशाची? सई "हो" म्हणाली तर? "हो" म्हणाली तर काय करायचं हे कोणीतरी आधी सांगा मला. चिरलेलं लाकूड मला सांधता येतं. सरस लावायचा, शिकंजा लावायचा, दोन दिवस हात लावायचा नाही. इथे काय लावायचं?

रवि. १८

विचारलं.

बाल्कनीत होतो. सई आली, तिला ऊन हवं होतं. स्टुलावर बसली, पाय वर घेऊन. मी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

"सई, त्या मोठ्या शोकेसमधला चाकू तू घेतलास का?"

"नाही."

खाली कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, ते गाणं वाजत होतं.

"एवढंच विचारायचं होतं?"

"नाही."

"मग विचार ना."

वाक्य मराठीत जुळवायला गेलो, कसंतरीच वाटलं, इंग्रजीत आणखी वाईट. शेवटी म्हटलं, "मरावंसं वाटतं का गं अजून?"

ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. चिडली नाही. रडली नाही. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल.

"आज नाही."

"आणि उद्या?"

"उद्या परत विचार."

मग म्हणाली, "आणि माझी खोली परत तपासू नकोस. मोज्यांच्या जोड्या लावून ठेवल्यास तू. ते एकेकटेच होते."

सोम. १९

विचारलं. नाश्त्याला. "आज नाही, आणि पोह्यांत मीठ नाही." मीठ आणून दिलं.

चाकूचं नाही विचारलं. ती खरं बोलली असेल. बोलली नसेल. पट्टीकडे बघून आता कळणार नाही ते.

मंगळ. २०

विचारलं. ऑफिसच्या कॉलच्या आधी, दोन मिनिटं होती म्हणून. दोन मिनिटांचा प्रश्न आहे का हा, गाढवा.

तिने वेळ लावला. खिडकीबाहेर बघत राहिली.

"थोडं."

कॉल कापला. मेधाला हाक मारली. डॉ.ना फोन लावला, सईच म्हणाली लाव म्हणून. उद्या सकाळी सगळ्यात आधी या म्हणाल्या, तोवर एकटं सोडू नका. सईच्या खोलीत तिघं बसलोय, मेधा पलंगावर तिच्याजवळ, मी जमिनीवर हे लिहितोय. सईने मघाशी विचारलं काय लिहितोस. म्हटलं, तू म्हणालीस ते. म्हणाली, नीट लिही, थोडं म्हणाले मी, खूप नाही.

थोडं म्हणाली.

उद्या उठल्याबरोबर विचारायचं.