ओल्या चुन्यावरची तारीख

सांगली,
१६ फेब्रुवारी १९४७

प्रिय नाथाजी,

हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्ही कार्डांना तुझं उत्तर नाही. तू पत्राच्या बाबतीत आळशी, हे मला पुण्याच्या कॉलेजापासून ठाऊक आहे. पास झाल्याची बातमीसुद्धा तू घरी शेजाऱ्याच्या तोंडी धाडली होतीस. शिवाय तू माझ्यावर रागावलेला आहेस, आणि तो राग वाजवी आहे. पण या वेळी उत्तर आलंच पाहिजे, गड्या. का, ते सांगतो. फक्त मला सुरुवातीपासून सांगू दे, नाहीतर पहिल्याच पानावर तू म्हणशील की जोतीचं डोकं फिरलं.

आपलं इंजिनियर मंडळ आठवतं ना, सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीतलं? अडतीस साली सोळा सभासद होतो. नियम तुझाच होता. ज्याला सभासद व्हायचं त्यानं वर्षातले दोन रविवार द्यायचे, एखाद्या गावी जायचं आणि तिथली विहीर, बंधारा, शाळा फुकट तपासून द्यायची. भिंतीला तडा दिसला की त्यावर आडवी चुन्याची पट्टी लावायची आणि ती ओली असतानाच खिळ्यानं तारीख आणि नावाचं अक्षर कोरायचं. पट्टी पुढं शाबूत राहिली तर भिंत थांबली आहे, तडकली तर भिंत अजून सरकते आहे. घरी आल्यावर वहीत नोंद करायची, म्हणजे पाळी पुरी झाली. नवा सभासद आला की तू त्याला आधी खाली अंगणात नेऊन चुना कालवायला लावायचास आणि मग वर चहा द्यायचास. लालासाहेबाच्या नव्या कोटाचं काय झालं ते आठवून मी आजही हसतो.

मग लढाई आली. पेट्रोल मिळेना. बेचाळीसनंतर तर सरकारी नोकरीतला माणूस टेप घेऊन गावात शिरला की लोक संशयानं बघायचे. सभासद एकेक करून रविवारी घरी झोपू लागले. मी चिटणीस. दर महिन्याला कार्डं टाकायचो, घरोघर जाऊन विनवायचो, आणि सभेला आपण चौघेजण. वहीतले कोरे रकाने मला बघवेनात. मंडळ जिवंत दिसावं म्हणून मी घरबसल्या पाच नोंदी भरल्या. गावाचं नाव, सभासदाचं नाव, रविवारची तारीख आणि पुढं "बांधकाम ठीक". सयाजी, लालासाहेब, अर्जुना, तू आणि मी स्वतः. पंचेचाळीसच्या दिवाळीच्या सभेत तू वही चाळलीस आणि चहाचा कप तसाच खाली ठेवलास. म्हणालास, "जोती, ज्या भिंतीला हात लावला न्हाईस ती धड हाय म्हणून लिवतोस? खोड माझं नाव. न्हाईतर मलाच जावं लागंल तिथं." आणि पायऱ्या उतरून गेलास. मी मात्र नाव खोडलं नाही. खोडलं असतं तर वही घाण दिसली असती. केवढं मोठं कारण, नाही?

त्यानंतर दोनच महिन्यांनी कवठे महांकाळच्या पुढच्या वाडीचा बिराप्पा धनगर खोलीवर आला. खांद्यावर नवी घोंगडी होती. म्हणाला, ही तुमच्या सायबाला द्या. त्यांच्या तळ्याची भिंत त्या पावसाळ्यात ढासळली, पण खाली एक मेंढरू नव्हतं. का, तर सायबानं आधीच येऊन बजावलं होतं. कोणता साहेब विचारलं, तर सांगू लागला, "उंच, पलटणीतला. लय बोलला न्हाई. भिंत ठोकली, चुना लावला, म्हणला हितं मेंढरं बसवू नगा. दुसऱ्या सालीबी आला. आवं, पर एक इचारतो, त्याचं बूट घोट्यापातूर वलं हुतं. आमच्याकडं तवा म्हैना झाला थेंब न्हवता."

ती वाडी मी सयाजीच्या नावावर लिहिली होती, ९ जुलै चव्वेचाळीसच्या रविवारी. सयाजीनं आसामातून, पलटणीतून कळवलं होतं की जुलैत रजा मिळतेय, माझी पाळी राखून ठेव. म्हणून मी आधीच भरून टाकली. तो जूनमध्येच तिकडच्या पावसात तापानं गेला होता, आणि आपल्याला ते कळलं दसऱ्याला. तू आणि मी त्याच्या घरी गेलो होतो.

मी वाडीला गेलो. पडलेल्या दगडांत शोधलं. दोन दगडांवर चुन्याची पट्टी मिळाली. दोन्ही मधोमध तडकलेल्या. एकीवर ९-७-४४, दुसरीवर पुढच्या जुलैची तारीख, आणि खाली त्याचा तो 'स', शेपूट ओढलेला. खिळा खोलवर दाबायची त्याची सवय. मी बोट फिरवून पाहिलं. बिराप्पा शेजारी उभा होता. घोंगडी त्यानं परत नेली नाही. ती खोलीत सयाजीच्या खुर्चीवर आहे. मला तिथं बसवत नाही आणि ती हलववतही नाही.

त्यानंतर मी लालासाहेबाच्या नोंदीच्या गावी गेलो, मग अर्जुनाच्या. दोन्हीकडं कुणी आलं नव्हतं. तडे होते, पण चुन्याचा ठिपका नव्हता. मी स्वतः पट्ट्या लावल्या. परत येताना मला इतकं बरं वाटलं की अर्जुनाच्या दुकानात जाऊन त्याला उगाच मिठी मारली. तो म्हणाला, काय रं, बरा हायस न्हवं? बरा होतो. हिशेब मला कळला होता. जे जिवंत आहेत त्यांची पाळी चुकलेलीच राहते, गेलेला मात्र येऊन ती पुरी करतो. तुझ्या नोंदीच्या गावी मात्र मी वर्षभर गेलो नाही. भीती वाटत होती, सरळ सांगतो. नुसती तुला कार्डं टाकत राहिलो.

या गुरुवारी गेलो. तासगावजवळची ती दोन खोल्यांची शाळा. मुलं बाहेर लिंबाखाली बसली होती. आत बसायची बंदी झाली म्हणे. झाडलोट करणारी हरणाबाई शाळेलगतच राहते. ती म्हणाली, "मागल्या आयतवारच्या आदल्या आयतवारी सायब आला की. बुटका, गोरा. म्हणला पोरं आत बसवू नगा. पाणी दिलं तर घेतलं न्हाई." मी विचारलं, चष्मा होता का? म्हणाली, न्हवता. नाथाजी, चष्म्यावाचून तुला स्वतःचा हात दिसत नाही. मागच्या भिंतीवर पट्टी आहे. २-२-४७, खाली 'ना', आणि त्याखाली दोन रेघा, तू नकाशावर मारतोस तशा. एका ओळीत, सरळ. केसभर चीर पडली आहे तिला. काल सकाळी साताऱ्याच्या सर्व्हिस मोटारीत जाऊन बसलो होतो. गाडी सुटायच्या आत उतरलो. तुझ्या दारात उभं राहून विचारायची हिंमत नाही, म्हणून हे पत्र. तू म्हणाला होतास, नाहीतर मलाच जावं लागेल. तू स्वतःच गेला असशील, रागानं, मला न कळवता, चष्मा खिशात ठेवून. तसं असेल तर सांग, मी साताऱ्याला येऊन सगळ्यांसमोर तुझे पाय धरीन. वहीतल्या चार नोंदी काल खोडल्या. पाचवी माझ्या नावाची आहे, विट्याकडच्या एका विहिरीची. उद्या सकाळी चुना घेऊन निघतो, पायांत बळ आहे तोवर. तू फक्त दोन ओळी लिही. शिव्या लिही हवं तर. तुझं अक्षर मी चुन्यात पाहिलं, आता ते कागदावर पाहू दे.

तुझाच, वाट पाहणारा,
जोतीराम