ज्याच्या एरियलला चिंधी

लोणी, ता. आंबेगाव
रविवार, २१ जानेवारी २००७

प्रज्ञाताई,

सप्रेम जयभीम. पुण्यात तुमची नोकरी बरी चालली असेल. इकडे सगळं ठीक. कांदा बरा आहे, लाइट रात्रीचीच असते, माझं मोटर वायंडिंगचं दुकान चालतंय. तुमचे बाबा तब्येतीने बरे आहेत. कोणाशी बोलत मात्र नाहीत, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

रिमोटवर उडणारं यान पुन्हा बांधलं, हे कळवायचं होतं. तुमच्या संघर्षने नववीत वहीच्या मागच्या पानावर काढलेलं तेच 'दूरगामी'. फुगीर पोट, आखूड पंख, शेपटीला तीन खिडक्या. खिडक्या कशाला राव, बसणारं कोण त्यात, असं मी त्याला लई चिडवायचो. थर्माकोल, बांबूच्या कामट्या, पुण्याची मोटर. पहिलं बांधायला आम्हा दोघांना दोन वर्षं लागली. हे मी एकट्याने चार महिन्यांत उभं केलं.

आमच्याकडे एकेक रिमोट होता, तुम्ही पाहिलाय. स्वस्तात जोडी घेतली आणि दोन्हींचा क्रिस्टल, म्हणजे रेडिओची लहर ठरवणारा तुकडा, एकाच नंबरचा निघाला. दोन्ही एकदम चालू झाले की यान वेडं होणार. म्हणून तुमच्या जुन्या लाल ओढणीची चिंधी केली. ज्याच्या एरियलला चिंधी, त्याचा डाव. दुसऱ्याने बटणाला हात लावायचा नाही.

यान छान उडतं. पण ताई, माळावरच्या त्या विहिरीकडे गेलं की माझं ऐकत नाही. मी उजवीकडे वळवतो, ते डावीकडे जातं आणि पंख दोनदा हलवतं. दोनदा पंख हलवून नमस्कार घालायची खोड कोणाची, ते तुम्हाला सांगायला नको. आधी वाटलं, तालुक्यातल्या कॉलेजातलं कोणी त्याच नंबरवर उडवत असेल. जाऊन विचारलं, तर तिथे असलं कोणी उडवत नाही. गेल्या रविवारी मी रिमोट बंदच केला, सेल काढून खिशात घातले. तरी ते विहिरीवर तीन फेऱ्या मारून काठावर अलगद उतरलं. भरदुपारची गोष्ट.

त्या विहिरीतून संघर्षला वर काढलं, त्याचा रिमोट मात्र गाळातच राहिला. वर्ष झालं. त्यातले सेल कधीच कुजले असतील.

आणि त्या सेलांवरच सगळ्यांनी खापर फोडलं. आदल्या रात्री कांद्याला पाणी द्यायला जाताना बाबांनी टॉर्चसाठी त्यातले नवे सेल काढले, जुने घातले. म्हणून यान भरकटलं, आणि वर बघत मागे सरकताना संघर्ष त्या बिनकठड्याच्या विहिरीत गेला. संघर्षच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाबा मला म्हणाले, "अमृत, म्या माज्या हातानं मारलं रं त्याला." मी मान खाली घातली आणि चहा प्यायलो.

ताई, जुने सेल चांगले होते. त्या सकाळी मीच मीटरवर तपासले होते. चिंधी त्याच्या एरियलला होती. अर्धा तास झाला तरी तो डाव देईना. मला राग आला आणि रिमोट पाठीमागे धरून मी बटण दाबलं. यान कोलमडायला लागलं. तो वर बघतच ओरडला, "अमऱ्या, बंद कर!" त्याला कळलं होतं. मी हसत होतो. बंद केलं तेव्हा माळावर मी एकटाच होतो.

हे पत्र बाबांना वाचून दाखवा. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही. तुम्ही याल तेव्हा मी दुकानातच असेन, कुठे पळणार नाही.

आज यान विहिरीच्या काठावर ठेवलं. माझ्या एरियलची चिंधी सोडून तिथल्या बाभळीला बांधली, आणि दुकानात येऊन लिहायला बसलो. माझा रिमोट इथे टेबलावर आहे, बंद. मघापासून माळाकडून यानाच्या मोटरचा आवाज येतोय. मी बाहेर जाऊन बघत नाही. डाव त्याचा आहे.

तुमच्या भावाच्या डावात हात घातलेला,
अमृत