शेजारणीच्या ताटातली लिट्टी

मेहुणा बिंदेश्वर यास मुजफ्फरपूरहून लालबाबू दाजींचे अनेक आशीर्वाद. (तुझ्या वडिलांनी मला जे छळलं, त्याबद्दलच्या शिव्या वेगळ्या पाकिटातून येतील.) आम्ही खुशाल. म्हशीची तब्येत कळव.

बाबूजींचा ताप हटेना, प्लीहा सुजून पोटाचा नगारा झाला, कालाजार निघाला, तरी हेका एकच, लेकीच्या घरचं पाणी पिण्यापेक्षा मेलेलं बरं! पूर्वी महिनाभर सुया घ्याव्या लागत, म्हणजे म्हातारा हट्टापायीच गेला असता. तुझी बहीण रडून अर्धी झाली. मग कळलं, आता इथल्या दवाखान्यात एका सलाइनीत काम होतं. बाबूजी म्हणाले, "एकच दिवस ना? उपाशी येतो!"

पिवळी बाटली टांगली तर गुरगुरले, "माझ्या भावाला महिनाभर सुया, मला एकच बाटली? बाकीच्या कुठे विकल्या?" डॉक्टर शबनमबाई हसल्या. "बाबा, औषध तेच, पण आता त्याची लिट्टी केलीय. वरून कणकेच्या जागी चरबीची इवलीशी पिशवी, आत सत्तूच्या जागी औषध. जंतू प्लीहेतल्या ज्या पहारेकरी पेशींच्या पोटात दडतात, त्याच ती लिट्टी आपण होऊन गिळतात!" (पूर्वी हेच औषध उघडं द्यायचे, तेव्हा हुडहुडीने खाट नाचायची.) अरे, हे ज्याने शोधलं त्याच्या पायावर डोकं ठेवावं! तुझ्या बहिणीने बाटलीलाच हात जोडले. मीही जोडले, कोणी बघत नाही असं पाहून.

ताप उतरला आणि भूक अशी जागी झाली की विचारू नकोस. डॉक्टरबाईंनी शक्ती येईपर्यंत इथेच ठेवलंय, म्हणून मुक्काम शेजारच्या फुलझरी काकींच्या ओसरीवर. काकींना आता चुलीपाशी बसवत नाही. बाबूजींनी बराच विचार करून निवाडा दिला, काकींच्या ताटातून आलं ते काकींच्या घरचं! तेव्हापासून तुझी बहीण रांधते, भिंतीवरून काकींच्या ताटात वाढते, आणि काकी ते बाबूजींपुढे ठेवतात. वरून शेजारीण, आतून लेक. डॉक्टरबाईंची विद्या म्हाताऱ्याने बसल्याजागी उचलली! इकडे माझ्या तांदळाचं पोतं तळाला गेलंय. तरी लवकर येऊन त्यांना घेऊन जा.

तुझा दाजी,
लालबाबू

ता. क. तशी घाई नाही.

ता. क. खरं सांगू? येऊच नकोस. आपल्या घराचं छप्पर काढलंय, छठच्या सणानंतरच या, असं बाबूजींना कळव. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुझ्या बहिणीने बापाला कधी घासभर वाढलं नव्हतं रे. काल पलीकडून त्यांनी हाक दिली, "फुलझरीबाई, लिट्टीत ओवा कमी पडला!" काकी काही बोलायच्या आत ही वेडी इकडून ओरडली, "उद्या जास्त घालते, बाबूजी!" मी कपाळाला हात लावला. मग बाबूजींनी आणखी एक मागितली.