किल्लीचा पंचनामा

रविवार, संध्याकाळ. ब्राह्मणपुरी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा घरात बसून कंटाळलेत, म्हणून मीच त्यांना कॉम्प्युटरवर एक रहस्याचा गेम सुचवला. बंगल्यात खून झालाय, पुरावे शोधायचे. बाबा गावचे पोलीस पाटील होते. टेबलावरची किल्ली दिसली तरी उचलेनात! आधी वहीत पंचनामा, मग पंच म्हणून आईची नि माझी सही, मगच किल्लीवर क्लिक. मी हसत सुटले.

खुनी सापडला, तशी बाबांनी वही मिटली. मग म्हणाले, "आते खूनना नको. हरायेल मानूस जित्ता सापडस, असा गेम सांग."

हरवलेला माणूस जिवंत सापडतो, असा गेम कुठला सांगू? आणि त्या किल्लीवरून मी हसले तरी कशाला? प्रेतांच्या खऱ्या पंचनाम्यांना बाबा किती वेळा उभे राहिले असतील, घरी येऊन गुपचूप जेवले असतील. मी कधी विचारलंच नाही.