किंमत आडवी झालीच पाहिजे

३ ऑगस्ट, दुपारी चार
प्रगत अर्थशास्त्राच्या माझ्या बारा वर्गबंधूंनो! आपण रोज आपल्याच हातांनी एक असत्य रेखाटतो, आणि त्याला मार्क मिळतात!
(या वहीत वर्गबंधू नाहीत. पण मूठ आवळल्याशिवाय मला लिहिताच येत नाही.)
प्रकरण असं. गणितात कारण आडव्या अक्षावर, परिणाम उभ्या. किंमत बदलली की मागणी बदलते. म्हणजे किंमत हे कारण. तरी मागणी वक्रात किंमत उभी! मी चाचणीत ती आडवी केली. मॅडमनी लाल फुली मारली. पंचवीसपैकी सात. ही फुली नव्हे, वार आहे. वाराला वार!
संकल्प: सराव परीक्षेच्या आत अख्खा वर्ग माझ्या बाजूला. शिवाय मिशी.

५ ऑगस्ट
स्टाफरूममध्ये बोलावणं. मॅडम म्हणाल्या, सराव परीक्षेत चाळीसच्या खाली गेलास तर प्रगत गट सोडून साध्या गटात बसायचं. मी विचारलं, सत्याला पासिंगची अट कधीपासून? त्या म्हणाल्या, तू आधी पान अकरा वाच रे बाबा.
जुलमी सत्तेला पान नंबर नेहमी तोंडपाठ असतात. वाचणार नाही.

८ ऑगस्ट
मधल्या सुट्टीत बाकावर चढून पहिलं भाषण. श्रोते चार, पैकी तिघे डबा खात होते. 'किमतीला आडवी पाडा!' म्हणत पाय आपटला. फळी कुजकी निघाली (कारस्थान). मीच आडवा. हनुवटी पुढच्या बाकावर. रक्त फळ्यापर्यंत उडालं. फूटपट्टी म्हणतो, ती लाल शाई होती.
फूटपट्टी म्हणजे पहिल्या बाकावरचा. पट्टीशिवाय रेषा काढत नाही. शत्रू.
डॉक्टरांनी तीन टाके घातले. ताईने माझं डोकं धरलं होतं, घट्ट, जरा जास्तच. तिचाही हाच विषय होता, पुस्तकही तिचंच वापरतोय. म्हणाली, शूरवीरा, तासभर बस माझ्यासमोर, समजावते.
क्रांतिकारक शिकवणी लावत नाहीत.

१२ ऑगस्ट
महायुद्ध. मॅडम यायच्या आत फळ्यावर किंमत आडवी केली. फूटपट्टीने पुसून उभी केली. मी आडवी. त्याने उभी. मग मी डस्टर भिरकावला. तो माझ्या एकमेव समर्थकाच्या कपाळावर बसला. मोठं टेंगूळ. समर्थकाने कंपासपेटी माझ्या कानशिलावर हाणली आणि पक्ष सोडला.
लढाई बरोबरीत. चळवळ आता शुद्ध झाली. सदस्य एक.

१६ ऑगस्ट
निर्णायक दिवस. फूटपट्टी म्हणाला, किंमत आडवी कर, उभी कर, नाहीतर झोपव तिला. पण औषध कितीही महागलं तरी रोग्याला तेवढंच लागतं, ती मागणी पुस्तकात उभ्या रेषेने दाखवतात. तुझी रेषा आडवी आली तर तपासणाऱ्याला नेमकं उलटं वाटेल, त्याचं काय?
मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी मूठ उगारली. सगळी ताकद लावली. त्याच क्षणी तो पडलेली पेन्सिल उचलायला वाकला. मागे लोखंडी कपाट.
उजव्या हाताची दोन हाडं. कपाटाला पोचा आला आहे, याची इतिहासाने नोंद घ्यावी. (हे ताईकडून लिहवून घेतोय. ती हसते आहे.) दुःख एवढंच की त्याला गुद्दा दिसलाच नाही. उठून विचारतो, काय रे, कपाटाने तुझं काय वाकडं केलं?

२१ ऑगस्ट
सराव परीक्षा. प्लॅस्टर. डाव्या हाताने लिहितो. म्हणून वाक्यं छोटी.
भाषण अशक्य. फक्त आकृत्या काढल्या. अकरा. सगळीकडे किंमत आडवी. पट्टी सारखी घसरत होती. रेषा डगमगल्या, निष्ठा नाही.
अंदाज: नव्वद.

२८ ऑगस्ट
चौतीस.
मॅडम म्हणाल्या, भाषण नव्हतं म्हणून तुझा पेपर पहिल्यांदाच वाचता आला. अक्षांची नावं बरोबर असती तर एकसष्ट होते.
फेरपरीक्षा सोमवारी. शेवटची संधी. नाहीतर साधा गट.
पान अकरा उघडलं. तळटीप: गणिताच्या रीतीने किंमत आडव्या अक्षावर यायला हवी, पण जुन्या अर्थतज्ज्ञांनी ती उभी काढली आणि तीच पद्धत रूढ झाली.
म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. छापलेलं होतं.
शेजारी ताईचं पेन्सिलीतलं अक्षर: आपलंच बरोबर आहे. पण पेपर सोडव.
मला आडवं करायला एक तळटीप पुरली.

३० ऑगस्ट, शनिवार, सकाळ
उभी किंमत काढायचा सराव. अकरा कागद फुकट. डाव्या हातात पेन्सिल घेतली की पट्टी घसरते. प्लॅस्टरने दाबली. पट्टी मोडली. हनुवटीने दाबली. टाक्यांची जागा दुखली.
ताई ड्यूटीवर.
हे पान फाडून पहिल्या बाकावरच्या फूटपट्टीकडे पाठवत आहे.
शत्रुबंधो! सरळ रेषेला दोन हात लागतात, आणि माझा एक कपाटाने घेतला. उद्या सकाळी दहाला घरी ये. तुझी पट्टी आण.
रेषा मी काढतो. तू फक्त धर.